बुरशीला नाव देण्याची घाई



मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलाने हळदीच्या पानांचा प्रकल्प मांडला होता. पानं त्याने स्वतः शेतातून आणलेली, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली. त्यावर तांबूस ठिपके. मोबाईलवर फोटो काढला, एका ॲपने नाव सांगितलं, आणि मी स्वतः मार्कर घेऊन त्याच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहून दिलं, "रोगकारक कवक : कोलेटोट्रिकम". शास्त्रीय नाव आलं की तक्त्याला वजन येतं, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. परीक्षकही दोन पावलं थांबतात.

दुपारी त्याचे वडील आले. गावच्या वेशीबाहेर त्यांची थोडी हळद आहे, बाकी ऊस. त्यांनी तक्ता पाहिला, पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "सर, ह्यो ठिपका न्हवं. ह्यो करपा हाय. ठिपका मोठा असतोय, डोळ्यागत. हे बघा की, बारीक-बारीक हाय सगळं." मी म्हणालो, "हो का दादा, बघतो मी." आणि वेळ मारून नेली. प्रकल्पाला तालुका पातळीसाठी निवडलंही गेलं.

रात्री घरी हातभिंग घेऊन बसलो. वडील बरोबर होते.

हळदीवर पानांचे दोन मुख्य बुरशीजन्य रोग येतात. एकाला आपल्याकडे पानावरील ठिपके म्हणतात. त्यात डाग मोठे, लांबट, चार-पाच सेंटिमीटरपर्यंत वाढणारे, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, आणि त्या राखाडी भागात काळ्या बारीक टिंबांची गोल-गोल रांग. दुसरा करपा. त्यात डाग एक-दोन मिलिमीटरचे, पानाच्या शिरांना धरून ओळीने बसलेले, दोन्ही बाजूंनी दिसणारे, आधी पिवळट मग तांबूस. असंख्य असतात आणि एकमेकांत मिसळून सगळं पान भाजल्यासारखं दिसतं. पहिला कोलेटोट्रिकम या कवकाचा, दुसरा टॅफ्रिना मॅक्युलन्सचा. टॅफ्रिनाच्या या प्रजातीला नाव दिलं ई. जे. बटलर यांनी १९११ साली. ते तेव्हा बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत कवकशास्त्रज्ञ होते. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी बोटाने दाखवलेला फरक शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे, आणि तो पाहायला ॲप लागत नाही. भिंग पुरतं. खरं तर डोळेही पुरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली तर दोघांचा काही संबंधच नाही. कोलेटोट्रिकमचे बीजाणू विळ्यासारखे वाकडे, आणि त्यांच्या आजूबाजूला काळे ताठ केस. टॅफ्रिनाचं वेगळंच. तिला फळासारखा काही अवयवच नाही. पानाच्या पृष्ठभागावर लांबट पिशव्या रांगेने उघड्याच उभ्या असतात आणि त्या पिशव्यांत बीजाणू. ब्लेडने पानाचा पातळ आडवा छेद घेतला तर शाळेच्या सूक्ष्मदर्शकातही ही रांग दिसू शकते. (दिसू शकते असं म्हणतोय, कारण आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरच पावसाळ्यात बुरशी धरली होती. कपाटात बंद ठेवलेल्या भिंगावर बुरशी वाढते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. वापरात असलेल्या सूक्ष्मदर्शकाला सहसा धरत नाही.)

आता कोणी म्हणेल, सर, एवढं काय मनाला लावून घेता, आठवीचा प्रकल्प आहे. चूक दुरुस्त करा, झालं. मी तेच केलं. पण मला खटकलं ते वेगळंच. त्या मुलाने पान नीट पाहिलं होतं. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं, "ठिपके लहान, खूप, दोन्ही बाजूंना". हे निरीक्षण अचूक होतं. ॲपने नाव सांगितल्यावर त्याने ते निरीक्षण तक्त्यावर घेतलंच नाही, कारण नावाशी जुळत नव्हतं. आणि मी, त्याचा शिक्षक, ते वाचूनही नावाच्या बाजूने उभा राहिलो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण वर्गीकरण उलटं शिकवतो. आधी नाव, मग खाना, मग लक्षणं पाठ. आठवीच्या विज्ञानाचा पहिलाच पाठ सजीव सृष्टी व सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण. त्यात सुरुवातीलाच इतिहास येतो : लिनियस १७३५, हेकेल १८६६, चॅटन १९२५, कोपलँड १९३८, व्हिटेकर १९६९. या पाच सालांतून केवढी मोठी गोष्ट सांगता येईल! हुशार माणसं एकमेकांशी असहमत झाली, दोन खोल्यांचं घर पाच खोल्यांचं झालं, आणि कवकांना वनस्पतींच्या खोलीतून बाहेर काढून स्वतंत्र खोली मिळाली. आपण काय करतो? जोड्या लावा.

आणि ते घर १९६९ नंतरही तसंच राहिलेलं नाही. आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात द्राक्षबागा आहेत, आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे मामा-काका द्राक्षवाले आहेत. द्राक्षावर दोन रोगांची नावं पोराटोरांना पाठ असतात, केवडा आणि भुरी. केवड्याला बहुतेक जण डाऊनीच म्हणतात. दोन्हीत पानावर पांढरट काहीतरी येतं, दोन्हीला लोक बुरशीच म्हणतात. पण भुरी हे खरं कवक आहे आणि केवडा ज्याच्यामुळे होतो तो प्लाझमोपॅरा विटिकोला हा जीव कवक नाही. दिसतो तंतूंसारखा, वागतो बुरशीसारखा, पण त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज असतं, कवकांसारखं कायटिन नव्हे, आणि त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी निघतं. व्हिटेकरांच्या मांडणीत हे जीव कवकांतच होते. नंतर डीएनएच्या अभ्यासाने त्यांना बाहेर काढलं.

बाहेर काढलं म्हणजे कागदावरची जागा बदलली, असं वाटेल. पण भुरीसाठी जी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं मारतात, म्हणजे हेक्झाकोनॅझोल वगैरे, ती कवकाच्या पेशीत अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ तयार होऊ देत नाहीत. केवड्याचा जीव तो पदार्थ स्वतः बनवतच नाही. मग ते औषध त्याचं काय बिघडवणार? पावसाळी हवेत बाग केवड्याने काळी पडत असताना भुरीचं औषध मारलं तर पैसेही जातात आणि बागही जाते. वर्गीकरण हा विषय दोन मार्कांचा आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा छाटणीनंतर परतीच्या पावसात सापडलेल्या बागायतदाराशी बोलावं.

२०२१ चा उन्हाळा पालक विसरले नसतील. कोविडमधून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस होत होता आणि सगळीकडे एकच शब्द, काळी बुरशी. मग पांढरी बुरशी आली, पिवळी बुरशी आली, जणू रंगपंचमी. वास्तविक म्युकरच्या गटातली कवकं काळी नसतात. ज्या ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो त्या काळ्या पडतात. रंगावरून नाव पडलं आणि लोक घरातल्या ओल्या भिंतीवरच्या काळ्या बुरशीला, फ्रीजच्या रबराला घाबरू लागले. इथेही नावाचा औषधाशी थेट संबंध होता. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीच्या संसर्गात जे व्होरिकोनॅझोल पहिल्या पसंतीने देतात, ते म्युकरच्या गटावर चालत नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन बी लागतं, ज्याच्यासाठी त्या दिवसांत लोक रात्र-रात्र फिरत होते. प्रयोगशाळेत नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून "हे तंतू रुंद आहेत, आडवे पडदे जवळजवळ नाहीत" असं सांगणाऱ्या माणसाच्या शब्दावर पुढचे उपचार ठरत होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही मला त्या प्रदर्शनानंतर वाचनात सापडली आणि तेव्हापासून मी प्रत्येक वर्गात सांगतो.

ज्वारीच्या कणसावर कधी कधी मधासारखा चिकट थेंब येतो. आपल्याकडे त्याला चिकटा म्हणतात. बाजरीवर असाच प्रकार आला की साखऱ्या. गंमत अशी की ज्वारीच्या पानावर मावा पडला तरी चिकटाच पडतो, म्हणजे किडीने टाकलेला गोड रस. एकच शब्द, दोन कारणं. बोलीतला शब्द डोळ्यांना आणि बोटांना जे कळतं ते सांगतो, आणि ते खोटं नसतं. फक्त तिथे थांबता येत नाही. कणसातला चिकटा कवकाचा असतो. ज्या फुलात वेळेवर परागकण पोचला नाही त्या फुलाच्या बीजांडकोशात ते कवक शिरतं, दाण्याच्या जागी स्वतः वाढतं, आणि त्यातून बीजाणूंनी भरलेला गोड रस गळतो.

१९१७ साली मद्रास प्रांतात काम करणाऱ्या मॅकरे यांनी या कवकाला स्फासेलिया सॉर्गाय असं नाव दिलं. युरोपात राय नावाच्या धान्यावर असाच रस गाळणारं अर्गटचं कवक सगळ्यांना माहीत होतं, क्लॅव्हिसेप्स. त्यामुळे संशय साहजिक होता की ज्वारीवरचं हे त्याच घराण्यातलं असणार. पण क्लॅव्हिसेप्स म्हणायचं तर नुसता रस आणि त्यातले बीजाणू पाहून चालत नाही. त्या दाण्याच्या जागी पुढे एक कडक गाठ तयार होते, ती रुजावी लागते, तिच्यातून देठावर बोंडासारखे अवयव उगवावे लागतात आणि त्यांच्या आत लैंगिक बीजाणू सापडावे लागतात. तोवर हे फक्त सारखं दिसणं.

श्रीपाद लक्ष्मण आजरेकर या मराठी कवकशास्त्रज्ञाने या रोगाचा अभ्यास केला आणि १९२६ साली इंडियन बॉटनिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी स्फासेलियाच्या पुढे कंसात लिहिलं की ही क्लॅव्हिसेप्सची अलैंगिक अवस्था, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

शीर्षकात प्रश्नचिन्ह! आपल्या प्रदर्शनात असा तक्ता आला तर आपण काय म्हणू? "अरे, आधी नक्की कर, मग लिही." आजरेकरांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी लिहिलं, जे वाटत होतं तेही लिहिलं, आणि वाटणं व दिसणं यांच्या मध्ये एक खूण ठेवली.

ते प्रश्नचिन्ह पन्नास वर्षं तसंच राहिलं. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. संकरित बियाणं तयार करताना ज्या नरवंध्य ओळी लावतात त्यांच्या फुलांना परागकणांसाठी शेजारच्या ओळीवर अवलंबून राहावं लागतं. पराग यायला उशीर झाला की कवकाला दार उघडं. त्यामुळे हा कुठे कुठे दिसणारा रोग बियाणे प्लॉटमध्ये मोठा झाला. शेवटी १९७६ साली शेजारच्या कर्नाटकातल्या कुलकर्णी, शेषाद्री आणि हेगडे यांनी लैंगिक अवस्था दाखवून त्याला क्लॅव्हिसेप्स सॉर्गाय हे नाव दिलं. आजरेकरांचा अंदाज बरोबर ठरला.

गोष्ट इथे संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात शोभली असती. पण १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या ज्वारीवरचं अर्गट ही वेगळी प्रजाती आहे असं दाखवलं गेलं, क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना. आणि २००० च्या सुमारास तीच भारतातही असल्याचं स्पष्ट झालं. म्हणजे आपल्या कणसावरचा रस नेमका कोणाचा, हे विचारायची वेळ पुन्हा आली. आजरेकरांचं प्रश्नचिन्ह पुसून टाकलं आणि थोडं पुढे सरकून तिथेच पुन्हा आलं.

आजरेकरांच्या नावाने पुण्यात कवकांचा नमुना-संग्रह आहे, आघारकर संशोधन संस्थेत. वाळवलेली पानं, काटक्या, साली, प्रत्येकाच्या पाकिटावर कोणी, कुठे, कधी, कोणत्या झाडावरून गोळा केलं ते लिहिलेलं. त्याच संस्थेत जिवंत कवकांचाही राष्ट्रीय संग्रह आहे. जाता जाता नावाची एक गंमत. ही संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची. ते मालवणचे. १९४६ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची पायाभरणी त्यांनी केली, तिलाच १९९२ मध्ये त्यांचं नाव दिलं. पण संस्था ज्या रस्त्यावर आहे तो गोपाळ गणेश आगरकरांचा, म्हणजे आपल्या कराडजवळच्या टेंभूचे ते आगरकर. मुलं हमखास गोंधळतात, आणि शिक्षकही. एका अक्षराच्या फरकाने माणूस बदलतो, हे प्रजातीच्या नावाबद्दल शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही.

प्रदर्शनात आणखी एक शब्द हल्ली फार ऐकू येतो, "नवीन प्रजाती". बातमी येते, सह्याद्रीत नवी प्रजाती सापडली, आणि पालक विचारतात, आमच्या मुलालाही असं काही करता येईल का? उत्साह चांगलाच आहे. शक्यताही खरी आहे. जगात आजवर सुमारे दीड लाख कवकांना नावं मिळाली आहेत आणि २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणे एकूण प्रजाती २२ ते ३८ लाख असाव्यात. दरवर्षी दोन हजारांहून अधिक नव्या प्रजातींची नोंद होते. या हिशेबाने आपल्या उसाच्या कुजणाऱ्या पाचटावर, वारणेच्या वरच्या अंगाला ओढ्यात पडलेल्या पानांवर बिननावाचं काहीतरी असणं मुळीच अशक्य नाही. पण सापडणं ही पहिली पायरीसुद्धा नव्हे. ते वेगळं आहे हे कळण्यासाठी आधीची सगळी माहीत असावी लागतात.

संशोधक काय करतो ते मुलांना सविस्तर सांगावं असं मला वाटतं. तो नमुना आणतो, कागदी पाकिटात, झाडाचं नाव, ठिकाण, तारीख लिहून. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगद्रव्यात बीजाणू पाहतो. एक-दोन नाही, तीस-चाळीस बीजाणूंची लांबी-रुंदी मोजतो, कारण एकाच झाडाची पानं तरी कुठे सारखी असतात? बीजाणू कसा तयार होतो, टोकाला की कडेला, साखळीत की एकेकटा, हे बघतो. बीजाणूच्या आकारापेक्षा तो जन्मतो कसा याला जास्त महत्त्व असतं. मग एकच बीजाणू उचलून बटाट्याचा अर्क, साखर आणि आगर यांच्या बशीत वाढवतो. आगर म्हणजे घरी जेलीसाठी आणतो ते चायना ग्रास. मग डीएनए. आयटीएस नावाचा तुकडा २०१२ मध्ये कवकांसाठी ओळखखूण म्हणून स्वीकारला गेला, पण कोलेटोट्रिकमसारख्या घराण्यात तो एकटा पुरत नाही, आणखी जनुकं वाचावी लागतात. (हळदीच्या ठिपक्यासाठी आपली पुस्तकं अजून कोलेटोट्रिकम कॅप्सिसी लिहितात. मिरचीवरून पडलेलं हे नाव २००९ मध्ये ट्रंकेटम या जुन्या नावात विलीन झालं. पुस्तकाला कळायला वेळ लागतो.)

त्यानंतर जगभरातले जवळचे नातेवाईक काढून तुलना. सगळं जुळूनही वेगळं उरलं तरच वर्णन लिहायचं, इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये. २०१२ पूर्वी लॅटिनच लागायचं. प्रसिद्ध करण्याआधी नोंदणी क्रमांक घ्यायचा, ही अट २०१३ पासून आहे. आणि एक मूळ नमुना सार्वजनिक संग्रहात कायमचा ठेवायचा. हा मूळ नमुना फार महत्त्वाचा. उद्या कोणाला शंका आली तर त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, पुण्याला जाऊन पाकीट उघडायचं.

कवकांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, आणि ती आपल्या गावच्या माणसाला पटकन कळेल. आमची नगरपालिका २०२५ पर्यंत उरुण-इस्लामपूर नगरपालिका होती. उरुण वेगळं, इस्लामपूर वेगळं, आणि दोन्ही एकच. कवकांना असंच होतं. अलैंगिक अवस्था आधी सापडली तर तिला एक नाव, लैंगिक अवस्था नंतर दुसऱ्याला दुसरीकडे सापडली तर तिला दुसरं. उसाच्या लाल कुजीचं कवक १८९३ मध्ये जावा बेटावर कोलेटोट्रिकम फाल्कॅटम झालं, आणि त्याची लैंगिक अवस्था पुढे ग्लोमेरेला टुकुमानेन्सिस म्हणून पुस्तकांत राहिली. पाठ करणाऱ्याला वाटायचं दोन बुरश्या आहेत. २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत ठरलं की एका कवकाला एकच नाव. त्यानंतर कोणतं ठेवायचं यावर पुष्कळ भांडणं झाली. उसावर चाबकासारखा काळा फुटवा काढणारी चाबूक काणी आपल्या मुलांनी शेतात पाहिलेली असते. तिचं कवक बऱ्याच पुस्तकांत अजून उस्टिलॅगो आहे, २००२ पासून ते स्पोरिसोरियम झालं. काणी मात्र काणीच राहिली. शेतकऱ्याचं नाव बदललं नाही, हे मला दर वेळी आवडतं.

माझे एक सहकारी म्हणतात, "सर, हे सगळं ठीक आहे, पण अभ्यासक्रम कोण पुरा करणार? आणि प्रश्नपत्रिकेत प्रश्नचिन्ह लिहिलं तर मार्क कोण देणार?" दुसरा मुद्दा खरा आहे. पहिला मला पटत नाही. त्या पाठाला जेवढ्या तासिका आपण देतो त्यातली एक तासिका पानं बघायला गेली तर काही बुडत नाही. मी आता असं करतो की पान हातात दिल्यावर पहिली दहा मिनिटं कोणी नाव घ्यायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. डाग किती मोठा, पट्टी लावून. कडा कशी. एका बाजूला की दोन्ही. शिरांना अडतो की ओलांडतो. कोवळ्या पानावर की जून पानावर. मग गावात याला काय म्हणतात ते घरी विचारून यायचं. शास्त्रीय नाव सगळ्यात शेवटी, आणि खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाला मी अर्धा मार्क जास्त देतो, आणि विनाकारण टाकलं असेल तर तो कापतो. काही पोरं हुशारीने सगळीकडेच टाकतात ना!

ॲप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मीही वापरतो. पण ॲपला फोटोत रंग आणि आकार दिसतो. पानाची पाठ त्याला तुम्ही दाखवल्याशिवाय दिसत नाही, आणि बीजाणू तर नाहीच. त्याला "माहीत नाही" म्हणायची सवयही कमीच.

भाकरी-पावावर बुरशी वाढवण्याचा प्रयोग सगळे करतात, त्याबद्दल पालकांसाठी एक सूचना. पारदर्शक डबी किंवा पिशवी पूर्ण बंद करून, चिकटपट्टी लावून मगच ठेवा, आणि बघून झाल्यावर न उघडता टाकून द्या. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला त्या टेबलाजवळ बसवू नका. वास घेऊन बघायची मुलांना फार हौस असते.

त्या मुलाचा तक्ता तालुक्याला गेला तेव्हा आम्ही नाव दुरुस्त केलं होतं. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी विचारलं, नक्की कशावरून? तो म्हणाला, ठिपके लहान आहेत आणि वडील म्हणतात. मग म्हणाला, सूक्ष्मदर्शकाखाली अजून बघितलेलं नाही. माझ्या मते त्या दिवशी हॉलमधलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच होतं. वडिलांचा प्रश्न अजून तसाच आहे, "करपा तर करपा, पण दरसाली ह्याच तुकड्यात का येतोय?" मागच्या हंगामातली रोगट पानं तिथेच पडून राहत असतील तर रोगाला तिथूनच सुरुवात मिळते, एवढं मी सांगू शकलो. त्यापुढचं कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातल्या मंडळींना विचारायचं ठरवलंय.

यंदा सप्टेंबरमध्ये हळदीवर डाग दिसू लागले की आम्ही पुन्हा पानं गोळा करणार आहोत, भिंग साफ करून. वाळवा, शिराळा, पलूस, कराडकडच्या शिक्षकांना आपल्या मुलांसोबत हे करायचं असेल तर जरूर करा. पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून, कागदी पाकिटात ठेवा, वर तारीख, गाव आणि हळदीचं वाण लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. ओल धरून दोन दिवसांत त्यावर दुसरीच बुरशी उगवते आणि आपण तिलाच रोग समजून बसतो.